प्रश्न वाचकांचे : मधपेटी घरच्या घरी करताना

मधपेटी विकत न आणता घरच्या शेडमध्ये किंवा ओळखीच्या सुताराकडून करून घेणाऱ्यांची पत्रे या वेळी बरीच आली. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून आली. एकसारख्या अडचणींची पत्रे एकत्र करून उत्तरे दिली आहेत. मापे इंचात न देता मिलिमीटरमध्ये का दिली, हे पहिल्याच उत्तरात कळेल.

प्रश्न : विकतची एक पेटी नमुना म्हणून दाखवून गावातल्या सुताराकडून तशाच ४ पेट्या करून घेतल्या. लाकूड चांगले, काम मजबूत. पण मेलिफेरा (पाळीव युरोपीय) माशांच्या वसाहती आत घातल्यावर दीड महिन्यात चौकटी एकमेकींना आणि भिंतीला चिकटल्या. ओढून काढायला गेलो की पोळे तुटते, पिल्ले चिरडतात. विकतच्या पेटीत असे होत नाही. माशांची जात खराब आहे की पेटी चुकली?
— एक शेतकरी, शिरपूर तालुका

उत्तर : माशा चांगल्या आहेत. पेटी एका सुताने चुकली आहे.

आपल्याकडचे सुतार इंच आणि सूत यांत काम करतात. ८ सूत म्हणजे १ इंच, म्हणजे एक सूत ३ मिलिमीटरपेक्षा किंचित जास्त. दाराच्या चौकटीत किंवा पलंगात एका सुताचा फरक रंध्याने झाकता येतो. मधपेटीत तो झाकता येत नाही. मधमाशी पोळ्याभोवती येण्याजाण्यासाठी साधारण ६ ते ९ मिमीची मोकळी वाट ठेवते. वाट याहून अरुंद झाली की ती निरुपयोगी समजून माशी झाडाच्या डिंकापासून केलेल्या प्रोपोलिसने बुजवते. रुंद झाली की रिकामी जागा वाया जाते म्हणून तिथे आडवेतिडवे पोळे बांधते. म्हणजे माशीची सहनशक्तीच मुळी एका सुताची आहे. लॉरेन्झो लँगस्ट्रॉथ या अमेरिकन पाद्र्याने १८५१ साली हे अंतर ओळखले आणि त्यावरून उचलता येणाऱ्या चौकटींची पेटी बनवली. पुस्तकांत त्याला बी-स्पेस म्हणतात, आपण माशीची वाट म्हणू. लाकूड सागवान असो की खोक्याचे, पेटीचे खरे काम ही वाट करते.

तुमच्या पेट्या तपासायला दोन पट्ट्या करा. एक बरोबर ६ मिमी जाडीची, दुसरी साडेनऊ मिमी जाडीची. प्लायच्या तुकड्यापासून करणार असाल तर जाडी व्हर्निअरने मोजून घ्या, कारण ६ मिमी म्हणून मिळणारी प्लाय बरेचदा सव्वापाचच भरते. पहिली पट्टी फटीत सहज शिरली पाहिजे, दुसरी अडकली पाहिजे. चौकटीची उभी बाजू आणि पेटीची आखूड भिंत यांच्यामध्ये, आडव्या दांडीच्या माथ्यापासून पेटीच्या वरच्या कडेपर्यंत, आणि वरच्या कोठीची (म्हणजे पेटीच्या मजल्याची) चौकट व खालच्या कोठीची चौकट यांच्यामध्ये, अशा तीन ठिकाणी बघा. तिसरी जागा बहुतेक जण विसरतात आणि चिकटण्याचा सर्वाधिक त्रास तिथेच होतो.

दुरुस्ती अशी : भिंतीकडची फट १२ मिमी असेल तर आतून ३ मिमीची प्लायपट्टी पूर्ण उंचीला चिकटवा. फट ४ मिमी असेल तर भिंतीला हात लावू नका, चौकटीच्या उभ्या पट्ट्या रंध्याने उतरवा. कोठी उंच झाली असेल तर खालची कड रंधा, वरची नाही. वरची रंधलीत तर चौकटी बसायची खाच उथळ होते आणि नवीच चूक तयार होते. कोठी बुटकी झाली असेल तर खालच्या कडेला तेवढ्या जाडीची पट्टी गोंद आणि बारीक खिळ्यांनी लावा.

आणखी एक गोष्ट पत्रात नाही, पण शंका घ्यायला जागा आहे. लाकूड कापताना ओले होते का? २४० मिमी रुंदीची ओली फळी आपल्याकडच्या उन्हाळ्यात सुकताना रुंदीत सहज ४-५ मिमी आकसते. लांबीत मात्र ती जवळजवळ आकसत नाही. त्यामुळे नवी असताना बरोबर असलेली पेटी मे महिन्यात उंचीला कमी भरते, वरच्या चौकटींचे बूड खाली लोंबते आणि ८ मिमीची वाट ३ मिमीवर येते. सुताराने माप बरोबर घेतले असेल, पण लाकडाने नंतर ते बदलले असेल.

प्रश्न : माझ्याकडे छोटा टेबल कटर, ड्रिल, रंधा आणि हातअवजारे आहेत. १० चौकटींची मेलिफेराची पेटी करायची आहे. नेमकी मापे, लाकूड किती लागेल आणि कोणता भाग आधी करावा, हे सांगाल का?
— एक वाचक, फैजपूर

उत्तर : आतले माप पक्के धरा. बाहेरचे माप फळीच्या जाडीप्रमाणे आपोआप येऊ द्या. कोठीचे आतले माप ४६५ लांब, ३७५ रुंद, २४० उंच. खालचा सगळा हिशेब रंधून २२ मिमी राहिलेल्या फळीचा आहे. तुमची फळी २० किंवा २५ भरली तर बाहेरचे आकडे त्या प्रमाणात बदला, आतले नाही.

लांब फळ्या २, प्रत्येकी ५०९ बाय २४०. आखूड फळ्या २, प्रत्येकी ३९७ बाय २४०. लांब फळीच्या दोन्ही टोकांना आतल्या बाजूने २२ मिमी रुंद आणि ११ मिमी खोल पायरी पाडा. सुतार याला पताम म्हणतात. आखूड फळी त्या पायरीत बसते आणि खिळे दोन्ही बाजूंनी मारता येतात, म्हणून कोपरा उघडत नाही. नुसत्या टोकाला टोक लावून ठोकलेली पेटी दोन उन्हाळ्यांत कोपऱ्यातून फाकते. बोटासारखे दात कापून केलेला सांधा याहून मजबूत, पण तो कटरवर जिग नसताना करू नका. सैल दात हे पावसाचे पाणी शोषणारे दात असतात.

आता चौकटी टेकण्याची खाच. ती फक्त दोन आखूड फळ्यांना, वरच्या आतल्या कडेला : १० मिमी रुंद आणि १६ मिमी खोल. चौकटीच्या कानाची जाडी १० मिमी असते, म्हणून माथा पेटीच्या कडेखाली बरोबर ६ मिमी राहतो. चौकटीची एकूण उंची २३२. ६ अधिक २३२ म्हणजे २३८, आणि कोठी २४०. खाली २ मिमी उरतात. कोठीवर कोठी ठेवली की खालचे ६ आणि वरचे २ मिळून ८ मिमीची वाट तयार होते. हे गणित एकदा कागदावर स्वतः मांडून बघा, म्हणजे कोणता आकडा का हलवायचा नाही ते पक्के लक्षात राहील. लांबीचेही तसेच. चौकट बाहेरून ४४८, पेटी आतून ४६५, दोन्ही टोकांना साडेआठ-साडेआठ मिमी. वरची दांडी ४८२ लांब, खाचेसकट जागा ४८५.

खाच आखूड फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाडली की जोडल्यावर प्रत्येक कोपऱ्यात ११ मिमीचा एक पोकळ खिसा राहतो. बाहेरून दिसत नाही. तिथे मेणकिडा, म्हणजे पोळे खाणाऱ्या अळीचा पतंग, अंडी घालतो. जोडणी झाल्यावर लगेच लाकडाचा तुकडा गोंद लावून त्यात ठोकून द्या.

फळीच्या टोकाकडे वर्तुळांच्या कमानी दिसतात ना, त्यावरून गाभ्याची बाजू ओळखा आणि ती पेटीच्या बाहेर येऊ द्या. फळी वाकली तरी कडा आत दाबल्या जातील, कोपरा बंद राहील. उलटी लावली तर कडा बाहेर उचकटतात. जोडताना मरीन प्रकारचा, पाण्याला टिकणारा गोंद आणि ५० मिमीचे खिळे वापरा, प्रत्येक कोपऱ्याला दोन्ही बाजू मिळून ८ ते १०. सर्वांत वरचा खिळा मारण्याआधी ड्रिलने बारीक भोक पाडाच, कारण तिथे खाचेमुळे लाकूड पातळ आहे आणि चीर तिथूनच जाते. पेटी उघडताना पटाशीचा जोरही त्याच कोपऱ्यावर पडतो.

गोंद ओला असतानाच बाहेरचे दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही ६५९ आले पाहिजेत. एक ६५६ आणि दुसरा ६६२ असेल तर लांब कर्णावर शिकंजा लावून हळूहळू आवळा. गुण्या फक्त एक कोपरा सांगतो, कर्ण चारही सांगतात. मग पेटी सपाट फरशीवर ठेवून एकेका कोपऱ्यावर दाबून बघा. डुगडुगली तर त्या फटीतून मुंग्या आणि मेणकिडे जातील.

तळपाट ५६० बाय ४१९ : पेटीपुढे ५० मिमी ओटी माशांना उतरायला मिळते. त्यावर दोन बाजूंना आणि मागे २० मिमी उंचीच्या पट्ट्या. पुढची पूर्ण रुंदी दार म्हणून राहते. त्यात बसेल असा लाकडी ठोकळा करून त्याला एका बाजूला १०० बाय १० मिमीची खाच पाडा. कमजोर वसाहत असताना आणि दुसऱ्या वसाहतींच्या माशांची मधासाठी लुटालूट चालू असताना दार तेवढेच ठेवायचे. आतले झाकण ६ मिमी प्लायचे, ५०९ बाय ४१९, मध्ये ५० मिमीचे भोक आणि त्यावर बारीक जाळी. या झाकणाला खालून चौफेर पट्टी मारू नका. माथ्यावर ६ मिमीची वाट आधीच आहे. पट्टी लावली की ती १४-१५ होते आणि माशा पोळे थेट झाकणाला चिकटवतात. बाहेरचे झाकण टोपीसारखे, आतून ५२१ बाय ४३१, कड ६० मिमी, वर २६ किंवा २८ गेजचा गॅल्व्हनाइज्ड पत्रा.

एक तळपाट, सारख्या उंचीच्या दोन कोठ्या, दोन झाकणे आणि २० चौकटी यांना निव्वळ लाकूड सुमारे सव्वा घनफूट लागते. करवतीचा भुसा, रंध्याची घट आणि गाठी टाळणे धरून पावणेदोन ते दोन घनफूट घ्या. वरची मधकोठी पूर्ण उंचीची केली तर मधाने भरल्यावर ती ३० किलोच्या पुढे जाते. घरात एकट्याने उचलायची असेल तर तिची उंची कमी करा, पण मग तिच्या चौकटीही त्याच फरकाने कमी करा.

आधी चौकटी करा, नंतर कोठी. हातात तयार चौकट असली की कोठीचे प्रत्येक माप तिच्यावर ताडून बघता येते.

प्रश्न : सागवान परवडत नाही. एमआयडीसीतल्या मोडक्या पॅलेटच्या पाइनच्या फळ्या स्वस्त मिळतात, निंबाचे एक झाडही पडलेले आहे. काय वापरू? प्लायची पेटी चालेल का?
— एक वाचक, साक्री

उत्तर : पेटीला लाकूड हलके, सरळ रेषांचे, न वाकणारे आणि वासरहित हवे. या कसोटीवर शिवण उत्तम, तूणही चांगले. सागवान टिकते पण जड आणि महाग. कडुनिंबाच्या रेषा गुंतलेल्या असतात, सुकताना तो पिळतो आणि चिरतो. खांब, स्टँडचे पाय यांना वापरा, कोठीला नको. आंब्याच्या लाकडाला भुंगा लवकर लागतो. निलगिरी वाकते. पडलेले झाड आज कापून पुढच्या महिन्यात पेटी करायची घाई करू नका. २५ मिमीच्या फळ्या कापून, मध्ये पट्ट्या घालून, सावलीत रचून निदान ६ महिने आणि त्यात एक उन्हाळा जाऊ द्या.

पॅलेटची पाइन चांगली चालते. फक्त तिच्यावरचा शिक्का वाचा. परदेशी मालाच्या पॅलेटवर गव्हाच्या ओंबीची खूण आणि दोन अक्षरे असतात. एचटी म्हणजे उष्णतेने प्रक्रिया केलेले, ते घ्या. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेले, ते घेऊ नका. शिक्का नसलेल्या आणि तेलाचे, रंगाचे किंवा औषधाचे डाग पडलेल्या फळ्याही सोडा. कोणत्या मालाखाली ते पॅलेट होते हे कळायला मार्ग नसतो आणि पेटीतल्या माशा त्या लाकडाला रात्रंदिवस चिकटून राहतात.

कमर्शियल प्लाय पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात कडेने फुलते. मरीन प्लाय टिकते, पण कापलेली प्रत्येक कड रंगाने बुजवावी लागते. झाकणांना प्लाय, कोठीला फळी, ही वाटणी योग्य. एमडीएफ अजिबात नको.

प्रश्न : आमच्या बचत गटातल्या बाया चौकटी जोडायचं काम करतात. दोन तक्रारी परत परत येतात. मेणपत्रा मध्येच पोट काढून वाकतो, आणि चौकट उचलताना वरची दांडी हातात येते, बाकीची चौकट पेटीतच राहते. काय चुकतंय?
— एक ताई, शहादा

उत्तर : ताई, दुसरी तक्रार आधी घेऊ, कारण ती एका खिळ्याची आहे. वरची दांडी उभ्या पट्टीच्या खोबणीत बसवून वरून दोन खिळे मारले जातात. चौकट उचलताना जोर वरच्या दिशेने येतो आणि ते खिळे आले तसे सरळ सुटतात. वरचे खिळे मारल्यावर उभ्या पट्टीच्या बाहेरून, कानाच्या खालच्या बाजूने, आडवा एक खिळा दांडीच्या पोटात मारा. हा आडवा खिळा उपसला जात नाही, तो मोडावा लागतो. प्रत्येक टोकाला एक, २५ मिमीचा बारीक. सोबत सगळ्या सांध्यांना गोंद लावायचाच, तो वाचवू नका.

मापे अशी ठेवा. वरची दांडी ४८२ बाय २७, जाडी २०, कानापाशी कापून १०. उभी पट्टी २३२ लांब, १० जाड. वरचा तिसरा भाग ३५ रुंद आणि त्याखाली २८. हे ३५ मिमीचे खांदे एकमेकांना टेकले की चौकटींमधले अंतर आपोआप बरोबर येते. म्हणून ३५ च्या जागी ३४ किंवा ३६ झालेली पट्टी बाजूला काढा. १० चौकटींत तो फरक १० मिमीचा होतो. खालची दांडी ४४८ बाय २०, जाडी १०.

आता मेणपत्रा, म्हणजे माशांनी पोळे बांधावे म्हणून चौकटीत लावायचा मेणाचा पातळ पत्रा. तो वाकतो कारण तार सैल असते, किंवा पत्रा चौकटीत घट्ट कोंबलेला असतो. उभ्या पट्टीत सारख्या अंतरावर ४ भोके पाडा. २८ गेजची कल्हईची तार, एका चौकटीला सुमारे २ मीटर, नागमोडी ओवा. एक टोक छोट्या खिळ्याला बांधा, दुसरीकडून ओढत एकेक ओळ बोटाने दाबत ताण पुढे न्या. बोटाने छेडल्यावर तुणतुण्यासारखा टणक आवाज आला पाहिजे. भद्द आवाज आला तर ती तार उन्हाळ्यात पत्रा धरणार नाही. मऊ लाकडात तार भोकाची कड चिरत आत घुसते आणि दुसऱ्या दिवशी सैल पडते. अशा वेळी भोकाजवळ आडवी टाचणीएवढी चूक (बारीक खिळा) ठोकून तार तिच्यावरून न्या.

पत्र्याची वरची कड दांडीच्या खोबणीत बसवून चमचाभर वितळलेले मेण ओता. दोन्ही बाजूंना २-३ मिमी आणि खाली ५ मिमी जागा सोडा. मेण उष्णतेने वाढते, त्याला जागा मिळाली नाही की ते पोट काढते. तार पत्र्यात बसवायला १२ व्होल्टची बॅटरी तारेच्या दोन टोकांना २-३ सेकंद लावतात. तार तापते, मेणात उतरते. सेकंद जास्त झाले की पत्र्याचे तुकडे होतात, म्हणून आधी खराब पत्र्यावर हात बसवा. पत्रे लावलेल्या चौकटी मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत साठवू नका. फुलोरा सुरू होण्याआधी आठवडाभर पत्रे लावलेले बरे.

प्रश्न : एप्रिलमध्ये दोन पेट्यांमधली पोळी खचून तळपाटावर पडली, मध वाहून गेला, माशा त्यात बुडाल्या. पेट्या चांगल्या रंगवलेल्या आहेत, वर पत्रा आहे. तरी असे का?
— एक वाचक, भुसावळ तालुका

उत्तर : तो पत्राच कारण दिसतो. मेण ६२ ते ६४ अंशांना वितळते, पण मऊ ते ४० च्या पुढेच पडू लागते, आणि मधाने भरलेले नवे पोळे स्वतःच्या वजनाने फाटते. पिल्लांच्या जागी माशा ३४-३५ अंश तापमान राखतात. त्यासाठी त्या पाणी आणून आत शिंपडतात आणि पंखांनी वारा घालतात. पाणी संपले किंवा उष्णता त्यांच्या ताकदीबाहेर गेली की हे तंत्र कोसळते. जळगाव-भुसावळकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या आसपास जातो आणि उन्हातला उघडा पत्रा हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो.

पत्रा काढू नका, पावसाला तो लागतोच. पत्रा आणि लाकडी माथा यांच्यामध्ये २५ मिमीचा थर्माकोल घाला. तो खालून प्लायने बंद करा, नाही तर मुंग्या त्यात घर करतात. पत्र्याला वरून पांढरा रंग द्या. आतल्या झाकणाच्या जाळीवर गोणपाट पडून भोक बंद झाले नाही ना, ते बघा. पेट्या कोणत्या रंगाच्या आहेत हे तुम्ही लिहिले नाही. हिरवा, निळा, लाल असेल तर यंदा पांढरा करा.

रंग फक्त बाहेरून. आतून रंग, वॉर्निश, वाळवीचे औषध काहीही नको. बाहेरून लाकडाच्या उघड्या टोकांना आधी प्रायमर, मग दोन हात. वसाहत घालण्याआधी दोन आठवडे उघड्या हवेत वास जाऊ द्या. रंगाऐवजी जवसाचे तेल दोन-तीन वेळा मुरवलेले चालते, मात्र ते दरवर्षी लावावे लागते.

मार्च ते जून पेट्यांवर पऱ्हाट्या किंवा कडब्याचा मांडव घाला, चारही बाजूंनी हवा खेळती ठेवून. केळीच्या बागेची सावली मिळत असेल तर बांधालगत ठेवा, आत गर्दीत नको, तिथे ओल राहते. पेट्यांपासून पाच-दहा पावलांवर परातीत पाणी आणि त्यात खडे ठेवा. एकदा ठेवलेले पाणी आटू देऊ नका. माशा जागा लक्षात ठेवतात आणि पाणी नसले की शेजारच्या हौदावर जातात. भर दुपारी झाकणावर ओले बारदान टाकलेले चांगले, पण दारावर लोंबू देऊ नका.

प्रश्न : आमच्या डोंगरात झाडांच्या ढोलीत सातेरीची (देशी मधमाशीची) पोळी असतात. मेलिफेराची पेटी तिला चालेल का?
— एक वाचक, धडगाव

उत्तर : ती तिला फार मोठी होते. सातेरीची वसाहत लहान, कोष बारीक आणि पोळ्यांमधले अंतर कमी. मोठ्या पेटीत अर्धी जागा रिकामी राहते, तिथे मेणकिडा शिरतो, आणि सातेरी त्रास झाला की पेटी सोडून जाते. ती प्रोपोलिस जवळजवळ वापरत नाही. मेलिफेरा फटी स्वतः बुजवते, सातेरीच्या फटी तुम्हालाच आधी बंद कराव्या लागतात. म्हणून हिचा सांधा जास्त काटेकोर हवा.

भारतीय मानकातल्या ए प्रकारच्या चौकटीचे आतले माप २१० बाय १४५ मिमी आहे. तेवढीच धरा. उभ्या पट्ट्या ८ मिमी जाड घेतल्या तर चौकट बाहेरून २२६, दोन्ही टोकांना ७-७ मिमी वाट, म्हणून पेटी आतून २४० लांब. वरची दांडी १० आणि खालची ८ जाड, चौकटीची उंची १६३. माथ्यावर ५, खाली २, म्हणून कोठी १७० उंच. चौकट टेकायची खाच १५ खोल आणि ८ रुंद, दांडी २५४ लांब आणि २४ रुंद. चौकटी ३१ मिमी अंतराने, म्हणून उभ्या पट्टीचे खांदे ३१ चे. ८ चौकटींना २४८ आणि थोडी मोकळीक मिळून आतली रुंदी २६०. दार ७५ बाय ८ मिमी पुरे. वरची मधकोठी साधारण निम्म्या उंचीची.

मेणपत्रा सातेरीचाच मागा. मेलिफेराच्या पत्र्यावरचे कोष मोठे असतात, सातेरी त्यावर नीट बांधत नाही. पत्रा मिळाला नाही तर वरच्या दांडीच्या पोटाला मधोमध मेणाची बारीक रेघ ओढा. ती त्या रेघेवरून पोळे उतरवते. पण मग पेटी पाणसळ लावून डावी-उजवीकडे अगदी सपाट ठेवा. पेटी बाजूला कललेली असली की पोळे उभ्या रेषेत खाली येते आणि शेजारच्या चौकटीत घुसते.

प्रश्न : आग्यामोहोळासाठी मोठी पेटी करता येईल का?
— एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : नाही. आग्या माशी उघड्यावर, फांदीला किंवा कड्याला एकच पोळे बांधते आणि ऋतूप्रमाणे स्थलांतर करते. फुलोरी माशीही उघड्यावर एकच छोटे पोळे करते. बंद पोकळीत अनेक पोळी शेजारी शेजारी बांधणाऱ्या माश्याच चौकटींच्या पेटीत राहतात, त्या आपल्याकडे सातेरी आणि मेलिफेरा.

प्रश्न : कांद्याच्या बीजोत्पादनाच्या प्लॉटवर पेट्या नेतो. स्टँडला उधई लागते, मुंगळे चढतात, आणि टेम्पोत नेताना कोठ्या सरकतात. उपाय सुचवा.
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : स्टँड लोखंडी कोनाचा, ३५० ते ४०० मिमी उंच. वेल्डिंग नसेल तर लाकडी पाय चालतील, पण पाय मातीत रोवू नका, विटेवर ठेवा. प्रत्येक पायाखाली पाणी भरलेली वाटी, वर थोडे जळके इंजिन ऑइल. वाटीत पाचोळा पडला की मुंग्यांना पूल मिळतो, म्हणून आठवड्याला वाट्या साफ करा आणि स्टँडला टेकणारे गवत कापा. मुंग्यांसाठी पावडर पेटीजवळ टाकू नका. पेटीचा मागचा भाग पुढच्यापेक्षा १० मिमी उंच ठेवा, म्हणजे पावसाचे पाणी दारातून आत साचत नाही. सातेरीच्या मेणपत्र्याविना पेटीला मात्र जपून. तिला फक्त मागे-पुढे कल द्या, चौकटी त्याच दिशेने लांब असतील तर पोळे बिघडत नाही. बाजूला कल अजिबात नको.

वाहतुकीसाठी तळपाट आणि कोठी यांना दोन्ही बाजूंनी तिरप्या पट्ट्या मारतात. एकच पट्टी मारली तर हादऱ्याने खिळ्याभोवती कोठी फिरते. दोन पट्ट्या उलट्या तिरक्या मारा, इंग्रजी व्ही अक्षरासारख्या. त्याऐवजी अडकणी असलेला नायलॉनचा पट्टा पेटीभोवती आवळला तर खिळ्यांनी लाकूड खराब होत नाही. निघायच्या आदल्या संध्याकाळी, माशा आत आल्यावर, दाराला ३ मिमी छिद्रांची लोखंडी जाळी ठोका. लाकडी ठोकळ्याने दार बंद केले तर माशा घाबरून उष्णता वाढवतात आणि वाटेतच गुदमरतात. बाहेरचे झाकण काढून आतल्या झाकणाची जाळी उघडी ठेवा. टेम्पोत पेट्या अशा ठेवा की चौकटी गाडीच्या लांबीच्या दिशेने राहतील. ब्रेक लागला की चौकटी एकमेकींवर आपटत नाहीत. रात्री निघून उजाडण्याआधी प्लॉटवर पोहोचा, पेट्या स्टँडवर ठेवून १०-१५ मिनिटे शांत होऊ द्या, मगच जाळी काढा. नव्या चौकटी आणि ताजी, मधाने जड पोळी असलेल्या पेट्या शक्यतो नेऊ नका. जुनी, तारेवर घट्ट बसलेली पोळी हादरे सोसतात, नवी सोसत नाहीत.